पेन्सिल घेऊन चंद्रावर : ज्यूल्स व्हर्नची चांद्रसफर पहिल्यांदा वाचताना

फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्नच्या चंद्रावरच्या दोन कादंबऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शंभर वर्षं आधी त्याने सगळं सांगून ठेवलं होतं!" फ्लॉरिडातून उड्डाण, आत तीन माणसं, परत येताना पॅसिफिक महासागरात उतरणं. अपोलोच्या चांद्रमोहिमांशी जुळणाऱ्या गोष्टींची यादी तयारच असते आणि ती खोटीही नाही. पण व्हर्नला भविष्यवेत्ता ठरवून टाकलं की पुस्तकातली खरी मेजवानी ताटातच राहते. प्रचंड तोफेतून माणसं बसलेला गोळा चंद्राकडे सोडायचा, अशी ही गोष्ट, आणि त्याने आपली आकडेमोड उघडी मांडून ठेवली आहे. तोफेची लांबी, गोळ्याचं वजन, वेग, सुटण्याची वेळ, प्राणवायूचा हिशोब, सगळं समोर आहे. म्हणून दीडशे वर्षांनंतरही आपण वही उघडून ते तपासू शकतो. तो बरोबर निघाला की आनंद होतो, आणि चुकला तिथे त्याला पकडलं की त्याहून जास्त होतो. मला तरी होतो.

ज्यांनी या कादंबऱ्या कधी वाचल्या नाहीत, किंवा लहानपणी संक्षिप्त रूपात वाचून विसरल्या, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दहावीपर्यंतचं गणित पुरतं. जवळ पेन्सिल, वही, साधा कॅलक्युलेटर आणि जमल्यास एक भिंग ठेवा.

पायरी १ : दोन्ही भाग मिळवा, आणि चित्रांसकट मिळवा

गोष्ट एकच आहे, पुस्तकं दोन. पहिला भाग, 'पृथ्वीपासून चंद्रापर्यंत', १८६५ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आला आणि त्याच वर्षी हेत्झेल या प्रकाशकाने पुस्तक काढलं. दुसरा, 'चंद्राभोवती', १८६९ च्या अखेरीस क्रमशः आणि १८७० मध्ये पुस्तकरूपात आला. पहिल्या भागाच्या शेवटी प्रवासी अधांतरीच राहतात. त्या वेळच्या वाचकांनी पुढची हकीकत कळायला चार वर्षं वाट पाहिली. तुम्ही पाहू नका, दोन्ही एकदम घेऊन बसा.

चित्रं नंतरची. पहिल्या भागाची सचित्र आवृत्ती १८६८ ची, चित्रकार आंरी द मोंतो. दुसऱ्याची १८७२ ची, चित्रकार दोघे : एमिल बायार आणि आल्फोंस द न्यूव्हिल. ही चित्रं केव्हाच कॉपीराइटमुक्त झाली आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' संग्रहात आणि विकिमीडिया कॉमन्सवर ती फुकट पाहता येतात.

भाषांतराबाबत सावध राहा. इंटरनेटवर सगळीकडे सापडतं ते १८७३ चं जुनं इंग्रजी भाषांतर. त्यात काटछाट आहे आणि आकड्यांचे घोळही आहेत. वाचताना एखादा आकडा बसेना, तर आधी व्हर्नवर नव्हे, भाषांतरावर संशय घ्या आणि मूळ फ्रेंच पान उघडा. भाषा येत नसली तरी आकडे वाचता येतातच.

मराठीशी या पुस्तकाचं नातं जुनं आहे. कोचीहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० पासून 'चंद्रलोकची सफर' या नावाने ही कथा क्रमशः येत होती. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा इथूनच करतात. पुढे फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. त्यांची 'चंद्रावर स्वारी' वाचनालयात मिळाली तर गोष्टीची गोडी लागायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र पेन्सिलीने वाचायचं तर संपूर्ण भाषांतर हवं.

पायरी २ : गोष्ट सुरू करण्याआधी चित्रांपाशी थांबा

ही चित्रं शाईने कागदावर काढलेली नाहीत, लाकडात कोरलेली आहेत. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचा आडवा छेद घेऊन तो काचेसारखा गुळगुळीत करायचे. त्यावर चित्रकार उलटं चित्र काढायचा, आणि मग कोरणारा कारागीर अणकुचीदार हत्याराने पांढरा राहायला हवा तो भाग खोदून काढायचा. उंच राहिलेल्या रेषेला शाई लागायची. ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असल्याने मजकूर आणि चित्र एकाच यंत्रावर छापता यायचं. म्हणूनच त्या काळी गोष्टीच्या पुस्तकात इतकी चित्रं देणं परवडलं. पहिल्याच भागात चाळीसच्या वर आहेत.

आता भिंग घ्या, किंवा स्कॅन मोबाइलवर मोठा करा. आकाशाचा काळोख पाहा. लांबून तो सलग काळा वाटतो, जवळून त्यात शेकडो समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. रेघा जवळ आल्या की रंग उजळतो, लांब गेल्या की दाटतो. कारागिराकडे करडा रंग नव्हता. जो करडा दिसतो तो सगळा रेघांच्या अंतराचा खेळ आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत बारीक सह्या दिसतील. मोंतोच्या चित्रांवर पानमेकर हे नाव दिसलं, तर तो कोरणारा कारागीर.

मग प्रत्येक चित्रात माणूस शोधा, कारण माणूस ही मोजपट्टी आहे. कादंबरीत गोळ्याची रुंदी ९ फूट आणि उंची १२ फूट दिली आहे. साडेपाच फुटांचा माणूस शेजारी उभा असेल तर तो गोळ्याच्या निम्म्याला जरासा कमी भरायला हवा. पट्टी लावून मोजा. चित्रकाराने मजकूर किती काळजीपूर्वक वाचला होता ते तिथल्या तिथे कळतं.

मोंतोचं एक चित्र चुकवू नका : चंद्राकडे निघालेली गोळ्यांची आगगाडी, डब्याला डबा जोडलेली. त्या काळी रेल्वे ही सगळ्यात नवी आणि रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. चंद्राचा प्रवास वाचकाच्या मनात बसवायला चित्रकाराने त्याच्या ओळखीचं वाहन वापरलं.

पायरी ३ : वहीच्या पहिल्या पानावर मापं लिहा

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण ते टाळलं तर पुढे पावलोपावली अडखळाल. १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, १ पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. आणि व्हर्नचा फ्रेंच 'लीग' ४ किलोमीटरचा धरा.

पायरी ४ : वेधशाळेच्या पत्राला एक अख्खी संध्याकाळ द्या

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलेलं आहे. बाल्टिमोरच्या तोफप्रेमी क्लबातल्या मंडळींना काम उरलेलं नाही. त्यांचा अध्यक्ष बार्बिकेन उभा राहतो आणि चंद्रावर गोळा सोडण्याचा प्रस्ताव मांडतो. इथे व्हर्नने जे केलं ते माझ्या दृष्टीने या पुस्तकातलं सर्वांत मोठं काम आहे. त्याने आपल्या पात्रांना आधी अमेरिकेतल्याच केंब्रिजच्या वेधशाळेला पत्र लिहायला लावलं. चौथ्या प्रकरणात वेधशाळेचं उत्तर येतं, मुद्देसूद आणि क्रमवार. कथेच्या मध्यात असं कोरडं पत्र आलं की नवखा वाचक पान उलटतो. तुम्ही तिथेच मुक्काम करा.

पहिला आकडा वेगाचा. गोळा सेकंदाला १२,००० यार्डांनी सुटला पाहिजे. गुणाकार करा : १०,९७३ मीटर, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. १८६५ सालच्या कादंबरीत हा आकडा पाहिला की मला अजूनही हरखून जायला होतं.

दुसरा, गुरुत्वाच्या समतोलाचा बिंदू. तिथे पृथ्वीची ओढ आणि चंद्राची ओढ सारखी होते. पत्र म्हणतं, तो वाटेच्या ४७/५२ भागावर आहे, म्हणजे ०.९०४. आपण पडताळू. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे १/८१ आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणून ८१ चं वर्गमूळ घ्या : ९. तेव्हा अंतराचे दहा भाग करायचे, नऊ पृथ्वीकडे, एक चंद्राकडे. उत्तर ०.९. जुळलं!

तिसरा, वेळेचा. प्रवास ९७ तास, १३ मिनिटं, २० सेकंदांचा. सुटण्याची वेळ १ डिसेंबर, रात्री १० वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद. ही वेळ पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, खरेपणाचा आव आणायला दिलेले हे विचित्र आकडे असावेत. मग बेरीज केली. २२ तास ४६ मिनिटं ४० सेकंद अधिक ९७ तास १३ मिनिटं २० सेकंद म्हणजे बरोबर १२० तास, एक सेकंदही इकडे-तिकडे नाही. १ डिसेंबर सुरू झाल्यापासून पूर्ण पाच दिवस. म्हणजे पोहोचायची मध्यरात्र आधी पक्की करून व्हर्न उलटा मोजत आला होता.

चौथा मुद्दा जागेचा, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पत्र सांगतं की तोफ विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला २८ अंशांच्या आत असावी. का? तर तोफ जमिनीत सरळ उभी गाडलेली आहे, तेव्हा चंद्र बरोबर डोक्यावर यायला हवा. चंद्र विषुववृत्तापासून साडेअठ्ठावीस अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून हा पट्टा. या अटीत बसणारी अमेरिकेतली जागा म्हणजे फ्लॉरिडा किंवा टेक्सासचं टोक. त्यावरून दोन राज्यांत जुंपते आणि शेवटी फ्लॉरिडातल्या टॅम्पाजवळची टेकडी ठरते, २७ अंश ७ मिनिटं उत्तर.

फ्लॉरिडातला आजचा रॉकेटतळ केप कॅनव्हरलही साडेअठ्ठावीस अंशांवर आहे, पण कारण वेगळं आहे. आजची रॉकेटं विषुववृत्ताच्या जवळून पूर्वेकडे सोडतात ती पृथ्वीच्या फिरण्याचा आयता वेग मिळावा म्हणून. विषुववृत्तावर तो सेकंदाला ४६५ मीटर असतो, श्रीहरिकोट्याला सुमारे ४५०. शिवाय पूर्वेला समुद्र असला की गळून पडणाऱ्या भागांची काळजी राहत नाही. उत्तर एकच आलं, पण रीत वेगळी. गणिताच्या पेपरात अशा उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, आणि इथेही देऊ नयेत.

उलट इथे व्हर्नला पकडता येतं. चंद्राची ही उत्तर-दक्षिण मर्यादा दर वर्षी सारखी नसते. १८.६ वर्षांच्या फेऱ्यात ती साडेअठ्ठावीस अंशांवरून सव्वाअठरापर्यंत आकसते आणि पुन्हा वाढते. २०२५ च्या सुमारास ती सर्वांत जास्त होती. तिथून १८.६ वर्षांच्या आठ फेऱ्या मागे जा : १८७६. आणखी अर्धा फेरा मागे : १८६७, म्हणजे नेमकी सर्वांत आकसलेली. कादंबरीतला गोळा युद्ध संपल्यावर त्याच दशकात सुटतो. त्या वर्षांत चंद्र एकवीस अंशांच्या वर गेलाच नव्हता. सत्तावीस अंशांवरच्या फ्लॉरिडात तो डोक्यावर येणं शक्यच नव्हतं. व्हर्नने नियम बरोबर सांगितला, पण साल मात्र त्या नियमात बसत नाही.

पायरी ५ : तोफेचं गणित स्वतः करा

तोफेचं नाव कोलंबियाड. लांबी ९०० फूट, नळीचा व्यास ९ फूट, भिंत ६ फूट जाडीची. ती ओतीव लोखंडाची आणि जमिनीतच ओतलेली. १,२०० भट्ट्यांतून लोखंडाचा रस एकाच वेळी खड्ड्यात सोडतात ते प्रकरण मोठ्याने वाचण्यासारखं आहे. बाकी जागेचा प्रश्न राहतोच. फ्लॉरिडाची सर्वांत उंच जागा १०५ मीटरची आणि तोफेचा खड्डा २७४ मीटरचा, म्हणून व्हर्नला तिथे उंच टेकडी कल्पावी लागली.

आता मुख्य हिशोब. गोळा शून्यापासून सेकंदाला १०,९७३ मीटर वेगापर्यंत जातो, आणि त्यासाठी त्याला मिळतात २७४ मीटर. वेगाचा वर्ग करा आणि लांबीच्या दुपटीने भागा. उत्तर येतं सुमारे २,१९,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. याला ९.८ ने भागलं की गुरुत्वाच्या साधारण २२,००० पट. साठ किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी १,३०० टनांवर जाईल, आणि तो क्षण सेकंदाच्या विसाव्या भागाचा. व्हर्नला धक्क्याची कल्पना होती. त्याने तळाशी पाण्याचे कप्पे केले, भिंतींना गाद्या लावल्या, आधी एका मांजरीला आणि खारीला छोट्या गोळ्यातून उडवून पाहिलं. पण या आकड्यापुढे गादी काय करणार?

हाच हिशोब उलटा करा. माणसाला सोसेल असं तीनपट गुरुत्व धरलं तर तोफ किती लांब हवी? सुमारे २,०५० किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग याहून थोडा कमीच भरेल. हे उत्तर वहीत ठळक लिहा, कारण रॉकेटचा जन्म याच अडचणीतून झाला आहे. वेग एका फटक्यात देता येत नसेल तर वाटेत हळूहळू द्यायला हवा, म्हणजे इंधन बरोबर न्यायला हवं. रशियातल्या कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की या शिक्षकाने व्हर्न वाचला होता. त्याने रॉकेटने अवकाशात जाण्याचं गणित १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. हर्मान ओबर्थने शाळकरी वयात ही पुस्तकं वाचून आकडे तपासले आणि १९२३ मध्ये रॉकेटवर पुस्तक लिहिलं. तुम्ही वहीत आत्ता जे केलंत ते त्या दोघांनीही केलं होतं.

खऱ्या तोफेची मजलही सांगून ठेवते. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या युमा इथे एका प्रचंड तोफेने गोळा १८० किलोमीटर उंच फेकला होता. तो अवकाशाला शिवला आणि खाली आला.

पायरी ६ : गोळ्याच्या आतली हवा

पहिल्या भागात पुढे मिशेल आर्दां नावाचा धाडसी फ्रेंच माणूस येतो आणि म्हणतो, गोळ्यात मीच बसतो. नादार या व्हर्नच्या छायाचित्रकार मित्राच्या नावाची अक्षरं फिरवून हे नाव केलं आहे. माणूस आत बसणार म्हटल्यावर हवेचा प्रश्न आला. व्हर्न पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायू मिळवतो आणि कॉस्टिक पोटॅशने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. १८ पौंड क्लोरेटमधून ७ पौंड प्राणवायू, दिवसाची गरज भागेल एवढा, असं तो लिहितो.

ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक आहे त्यांनी हे जरूर करावं. पोटॅशियम क्लोरेटचं रेणुवस्तुमान १२२.५, त्यातले तीन ऑक्सिजन अणू ४८. म्हणजे ३९ टक्के. १८ चे ३९ टक्के सात! आणि गरज? एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो प्राणवायू लागतो. तिघांचा अडीच किलो, वर कुत्री आणि कोंबड्या. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. अगदी नेटका हिशोब आहे. पाणबुड्यांत आजही अडचणीच्या वेळी क्लोरेट जाळून प्राणवायू काढतात, आणि अपोलो यानात कार्बन डायऑक्साइड शोषायला लिथियम हायड्रॉक्साइड होतं. रसायन बदललं, युक्ती तीच राहिली.

पायरी ७ : दुसऱ्या भागात कुत्र्यावर नजर ठेवा

गोळ्यात तिघे आहेत, बार्बिकेन, कॅप्टन निकोल आणि आर्दां. दोन कुत्रीही आहेत, दायाना आणि सॅटेलाइट. सुटतानाच्या धक्क्याने सॅटेलाइट जखमी होतो आणि मरतो. खिडकी झटकन उघडून त्याला बाहेर टाकतात. काही वेळाने बाहेर पाहतात तर तो तिथेच आहे, गोळ्याच्या बरोबर चाललेला. माझ्या भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने मध्येच थांबवलं. "मावशी, तो मागे का नाही राहिला?" कारण बाहेर हवा नाही, त्याला अडवणारं काही नाही, आणि त्याचा वेग गोळ्याइतकाच आहे. दोघांना सारखीच ओढ, म्हणून दोघे बरोबरीने जातात. व्हर्नने हे चोख लिहिलं आहे.

मग पुढे समतोल बिंदूचं प्रकरण येतं. तिथे वजन नाहीसं होतं, हातातून सुटलेली वस्तू जागच्या जागी राहते आणि माणसं तरंगू लागतात. सचित्र आवृत्तीत याचं चित्र आहे, आणि मला संपूर्ण पुस्तकात तेच सर्वांत प्रिय आहे. गाद्या लावलेल्या त्या अरुंद खोलीत तिघे कोटपाटलोणीतले गृहस्थ अधांतरी. पायांखाली काही नाही, आणि शरीरं तिरपी. आज अवकाशस्थानकातल्या चित्रफिती आपण रोज पाहतो. बायार आणि द न्यूव्हिल यांच्यासमोर पाहायला काहीच नव्हतं. 'खाली' ही दिशाच नसेल तर माणूस कसा दिसेल, हे त्यांना निव्वळ विचाराने काढावं लागलं. भिंग घेऊन तिथे थोडा वेळ थांबा.

पण वजन फक्त त्या एकाच बिंदूवर जातं असं व्हर्न म्हणतो, आणि ते चूक आहे. हवेतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळा आणि आतली माणसं एकाच ओढीखाली एकत्र जात आहेत. फरशी माणसाला वर ढकलत नाही, मग वजन जाणवणार कसं? दोर तुटलेल्या लिफ्टमधल्यासारखी स्थिती संपूर्ण प्रवासभर असायला हवी. आणि याचा पुरावा व्हर्ननेच खिडकीबाहेर ठेवला होता. कुत्रा बाहेर गोळ्याबरोबर तरंगतो, तर आतला माणूस फरशीला का चिकटेल? दोघांना लागू होणारा नियम एकच. उत्तर त्याच्या हातात होतं, फक्त काचेच्या पलीकडच्या बाजूला. या दोन प्रकरणांची पानं शेजारी ठेवून वाचा, विज्ञानातली चूक कशी होते ते इतक्या स्वच्छ रीतीने क्वचितच दिसतं.

बीजगणिताचं प्रकरणही गाळू नका. त्यातलं गणित व्हर्नने आपल्या मामेभाऊ-चुलतभावांपैकी एकाकडून, आंरी गार्से या गणिताच्या शिक्षकाकडून घेतलं होतं. समीकरण नाही कळलं तरी चालेल, उत्तर पाहा : हवेबाहेर पडताना सेकंदाला ११,०५१ मीटर वेग हवा. आजच्या आकड्यांनी समतोल बिंदूपर्यंत जायला ११,०७० च्या आसपास लागतो. वीस मीटरचा फरक! आणि वेधशाळेने दिलेले १२,००० यार्ड म्हणजे १०,९७३, तेव्हा हवेचा अडथळा धरला नाही तरी वेग कमीच पडत होता. ही गफलत पात्रांनाच प्रवासात उमगते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आणखी एक जागा. गोळा चंद्राच्या मागे जातो तेव्हा तिथे मिट्ट काळोख असतो. काही वाचकांना वाटतं, अज्ञात बाजू दाखवायची टाळली. पण पोहोचायची वेळ पौर्णिमेची ठरली होती. पौर्णिमेला आपल्याकडची बाजू पूर्ण उजळलेली, म्हणजे पलीकडे रात्रच. पहिल्या भागातल्या एका अटीचा परिणाम त्याने दुसऱ्या भागात इमानाने भोगला. ती बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १९५९ मध्ये, लूना ३ या सोव्हिएत यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत.

शेवटी गोळा समुद्रात पडतो आणि लोक त्याला तळाशी शोधत बसतात. त्याचं वजन १९,२५० पौंड, म्हणजे ८.७ टन. तळाचं क्षेत्रफळ ९ फूट व्यासाने ५.९ चौरस मीटर. भागाकार केला की कळतं, गोळा दीड मीटर बुडला की तरंगायला हवा, आणि उंची तर साडेतीन मीटरच्या वर आहे. तो कुठे सापडतो आणि आतले तिघे काय करत असतात ते मी सांगत नाही.

पायरी ८ : यानंतर काय वाचाल

एच. जी. वेल्सची १९०१ ची चांद्रकादंबरी घ्या, क्लॉड शेपरसनच्या चित्रांसह. तिथे गुरुत्व अडवणारा पदार्थ आहे. व्हर्नला ते पटलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र वापरतो, तो धातू मला दाखवा तरी, अशा आशयाचं तो १९०३ मध्ये बोलला होता. माझा कौल व्हर्नला आहे, पण वेल्सचं चंद्रावरचं जग वाचताना डोळे विस्फारतात हेही खरं. त्सिओल्कोव्हस्कीची १८९३ ची छोटी चांद्रकथा मिळाली तर सोडू नका. चंद्रावर उडी किती उंच जाईल, सावली किती काळी पडेल, हे त्याने शिक्षकाच्या मायेने समजावलं आहे.

आणि एक काम पुस्तकाबाहेरचं. मुंबई १९ अंशांवर, पुणे साडेअठरावर, नागपूर २१ वर, गोवा १५ वर. सगळे व्हर्नच्या त्या २८ अंशांच्या पट्ट्यात आहेत. डिसेंबरातली पौर्णिमा, बहुतेक वर्षी दत्तजयंतीची, अशी असते की चंद्र आकाशात खूप वर चढतो. त्या रात्री गच्चीवर मीटरभर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. चंद्र सर्वांत वर येतो ती मध्यरात्र घड्याळातली धरू नका. मुंबईत चंद्र माथ्यावर येईल तो साडेबाराच्या पुढे, बारा चाळीसच्या आसपास, नागपुरात सव्वाबाराच्या सुमारास. त्या वेळी सावली मोजा. चंद्र डोक्यापासून पाच अंश कलला असेल तर ती ९ सेंटिमीटर भरेल. ती दक्षिणेकडे पडली असेल तर चंद्र तुमच्या माथ्याच्याही उत्तरेला गेला आहे. येत्या वर्षांत ही सावली आखडत जाईल, कारण चंद्राची मर्यादा २०३४ पर्यंत कमी होत जाणार आहे. दर वर्षी मोजून वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहीत जा.